वाईनचं किट आणि खान्देशचं ऊन

घरी वाईन बनवायच्या किटसोबत जे माहितीपत्रक येतं, त्यात एक सूचना हमखास असते: भांडं घरातल्या उबदार जागी ठेवा, जमल्यास हीटरच्या आसपास. इंग्लंड-कॅनडातल्या माणसाला ती बरोबर लागू पडते. तिकडे हिवाळ्यात घराचा एखादा कोपरा पंधरा अंशांच्या खाली जातो आणि यीस्ट गारठून काम थांबवतं. हीच सूचना भुसावळच्या माणसाने मे महिन्यात वाचली तर? आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही, आणि घरातली त्यातल्या त्यात थंड जागा शोधण्यात उन्हाळा जातो.

किट समजून घ्यायला ही सूचना फार उपयोगी आहे. किटमध्ये हवेचा बंदोबस्त असतो, जंतूंचा असतो, साखर मोजायची सोय असते. उन्हाचा बंदोबस्त नसतो, कारण ते ज्यांनी तयार केलं त्यांच्यापुढे ऊन हा प्रश्नच नव्हता. आपल्यासाठी मात्र बाकी सगळं सोपं आहे, अवघड आहे ते फक्त ऊन.

पण आधी कायद्याचं बोलू, कारण ते टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे मद्य बनवायला परवाना लागतो. घरच्या घरी, स्वतःपुरती, पाहुण्यांना चाखवण्याएवढी वाईनसुद्धा परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवास होऊ शकतो. ‘किट ऑनलाइन मिळतंय म्हणजे चालत असणार’ हा समज मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. बादली, नळी आणि यीस्टची पुडी विकण्यात गैर काही नाही. वाईन बनवण्यासाठी म्हणून ते घरात ठेवलं किंवा वापरलं की प्रश्न उभा राहतो. इतर देशांत नियम वेगळे आहेत. अमेरिकेत घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर वाईन घरच्यापुरती बनवायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. विकायची मात्र नाही.

मग हे लिहायचं कुणासाठी? जळगाव-धुळ्याची पोरं आता जगभर आहेत. त्यांच्याकडे गेलेल्या काका-मामांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बुडबुडे सोडणारी बरणी दिसते आणि ‘हे काय रे भाऊ?’ असा प्रश्न पडतो. माझाही एक पुतण्या कॅनडात हा उद्योग करतो आणि त्याच्याकडे राहिलो तेव्हा मी तो जवळून पाहिला आहे. शिवाय नाशिकला वायनरी बघायला जाणारे आहेत, आणि नुसतंच कुतूहल असणारेही. इथे राहणाऱ्यांनी हे समजून घ्यावं, करून बघू नये. करायचंच असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा रस्ता धरावा.

काम करतं ते यीस्ट

आंबवणं खान्देशात कुणाला शिकवायला नको. उन्हाळ्यात बिबड्यांसाठी ज्वारी भिजत पडते, कुरडयांसाठी गहू भिजतो, आणि झाकण काढल्यावर येणारा आंबूस वास हा सूक्ष्मजीवांनी केलेल्या कामाचा असतो. तिथे बहुतेक काम लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचं. वाईनमध्ये काम करतं ते यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी. शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाव फुगवणारं यीस्टही याच जातीचं. त्याने वाईन होतच नाही असं नाही, पण त्याला अल्कोहोल फारसं सोसत नाही, गाळ भुसभुशीत राहतो आणि वासात पाव उतरतो. वाईनसाठी निवडलेले वाण १२ ते १४ टक्के अल्कोहोलपर्यंत सहज टिकतात, काही तर १८ टक्क्यांपर्यंत.

हे जिवंत पेशींचं काम आहे, नुसतं रसाचं सडणं नाही, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लुई पाश्चर यांनी ठामपणे मांडलं. तोवर मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ याला निव्वळ रासायनिक विघटन मानत होते. गंमत अशी की १८९७ मध्ये एदुआर्द बुखनर यांनी यीस्ट चिरडून काढलेल्या, एकही जिवंत पेशी नसलेल्या रसानेही साखरेचं अल्कोहोल होतं हे दाखवलं. पेशीच्या आतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, हे काम करतात. त्यासाठी त्यांना १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे भांडणातले दोन्ही पक्ष थोडे थोडे बरोबर निघाले.

हिशोब साधा आहे. यीस्ट साखर खातं आणि तिचे दोन भाग करतं: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. वजनाने जवळजवळ निम्मं-निम्मं. एक लिटर रसात साधारण १७ ग्रॅम साखर असेल तर वाईनमध्ये १ टक्का अल्कोहोल तयार होतं. १२ टक्क्यांची वाईन हवी तर लिटरला २०४ ग्रॅम साखर लागेल. किटमधली लहान बरणी ४.५ लिटरची, म्हणजे एक ब्रिटिश गॅलनची असते; तिच्यात नऊशे ग्रॅमच्या वर साखर आली. त्यातली निम्मी गॅस होऊन जाते आणि तो गॅस भरतो २०० लिटरहून जास्त. एवढा गॅस एका बरणीतून बाहेर पडणार असतो! बरणीचं तोंड घट्ट बंद केलं तर ती फुटते, आणि काचेची बरणी फुटली तर ती बॉम्बसारखीच फुटते. झाकणाचा हा प्रश्न किटमधल्या सगळ्यात स्वस्त वस्तूने सोडवलेला असतो.

एअरलॉक, आणि त्यात पाणी कमी का होतं

एअरलॉक ही पारदर्शक प्लास्टिकची बोटभर लांबीची वाकडी नळी. तिला दोन फुगे असतात आणि त्यांत अर्ध्यापर्यंत पाणी भरायचं. बरणीच्या रबरी बुचाला भोक असतं, त्यात ती बसते. आतला गॅस दाब वाढला की पाण्यातून ‘बुळूक’ करून बाहेर जातो. बाहेरची हवा मात्र पाणी ओलांडून आत येऊ शकत नाही. काम एवढंच. यीस्ट घातल्यावर पहिले काही तास ते ढिम्म असतं आणि नवशिका घाबरतो. बहुतेक वेळा बारा ते चोवीस तासांत पहिला बुडबुडा येतो, मग दर काही सेकंदाला एक, आणि आठवड्याभरानंतर पुन्हा मंद.

हवा आत का नको? अल्कोहोलचं व्हिनेगर करणारे जिवाणू, अॅसिटोबॅक्टर, हवेवर जगतात. आणि त्यांची ने-आण करणारी चिलटं आपल्याकडे पिकलेल्या केळ्याभोवती बारा महिने फिरत असतात. सुरुवातीला गॅसचं आवरण रसावर असतं तोवर काळजी कमी. आंबणं मंदावलं की धोका वाढतो. म्हणूनच दुसऱ्या टप्प्यात बरणी गळ्यापर्यंत भरलेली असावी लागते.

आता खान्देशातली अडचण. मार्च ते मे आपली हवा इतकी कोरडी असते की एअरलॉकमधलं पाणी चार-सहा दिवसांत उडून जाऊ शकतं. नळी कोरडी पडली की ती नुसतं भोक असलेली नळी उरते. माहितीपत्रकात याचा उल्लेख नसतो, कारण दमट थंड हवेत महिनाभर पाणी तसंच राहतं. हिवाळ्यात उलट प्रकार होतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवसा २८-३० अंश आणि पहाटे दहाच्या आसपास असा फरक पडतो. रात्री बरणीतला गॅस आकसतो आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. त्यामुळे त्यात नळाचं पाणी भरू नये. उकळून गार केलेलं, चिमूटभर मेटाबायसल्फाइट (किटमधली जंतू दाबणारी पावडर) घातलेलं पाणी असलं की आत गेलं तरी बिघडत नाही.

पुड्या

किट उघडलं की नंबर टाकलेल्या पुड्या निघतात आणि माणूस त्यांनाच घाबरतो. एकेक बघू.

यीस्टची पुडी साधारण ५ ग्रॅमची. ती रसावर तशीच भुरभुरावी की आधी कोमट पाण्यात भिजवावी यावर मतं दोन आहेत. भिजवायची तर पाणी ३५ ते ४० अंशांचं, हाताला कोमट लागेल इतपत, आणि वेळ पंधरा मिनिटं. गरम पाण्यात यीस्ट मरतं.

मेटाबायसल्फाइट म्हणजे सल्फर डायऑक्साइड सोडणारी पावडर. नको असलेले जिवाणू आणि रानटी यीस्ट यांना दाबते, रसाचा रंग काळवंडू देत नाही. गोळीच्या रूपात असेल तर तिला कॅम्डेन गोळी म्हणतात. गॅलनमागे एक गोळी हे नेहमीचं प्रमाण. हिच्यासोबत लगेच यीस्ट टाकायचं नसतं, चोवीस तास थांबायचं. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, म्हणून विकतच्या वाईनच्या बाटलीवरही तसा उल्लेख असतो.

पोटॅशियम सॉर्बेट शेवटी येतं. ते यीस्टला मारत नाही, वाढू देत नाही. वाईन गोड करायची असेल आणि ही पुडी चुकवली, तर उरलंसुरलं यीस्ट बाटलीत पुन्हा कामाला लागतं. मग तोच गॅस, आणि या वेळी बाटली बुचाने बंद.

बेंटोनाइट ही एक प्रकारची माती. पाण्यात फुगते आणि गढूळपणा आणणारी प्रथिनं धरून तळाला बसते. वाईन निवळायच्या इतर पुड्यांत मात्र कधी कधी माशाच्या पोटातल्या पिशवीपासून किंवा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेले पदार्थ असतात. माळकऱ्याला मुळात वाईनशीच कर्तव्य नाही हे खरं, पण शाकाहारी पाहुण्याला पेला देण्याआधी पुडीवरचं वाचलेलं बरं.

याशिवाय यीस्टला पोषण म्हणून डायअमोनियम फॉस्फेट असतं. युरिया-डीएपी वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे नाव ओळखीचं वाटेल. रसायन तेच, पण खताच्या गोणीतलं चालत नाही. ते खाण्यायोग्य शुद्धतेचं नसतं.

साखर मोजणं

किटमधली एकच वस्तू मला खरोखर सुंदर वाटते: हायड्रोमीटर. काचेची नळी, खाली वजन, वर बारीक दांडी आणि दांडीत कागदावर छापलेले आकडे. रसात सोडली की तरंगते. रस गोड असेल तर दाट असतो, नळी वर राहते. साखर संपत जाते तशी ती खाली बुडत जाते. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते, चांगल्या गोड रसात १.०९० च्या आसपास. वाईन पूर्ण आंबली की ०.९९५ किंवा त्याखाली, कारण अल्कोहोल पाण्याहून हलकं.

सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करा आणि १३१ ने गुणा. १.०९० वजा ०.९९५ म्हणजे ०.०९५, गुणिले १३१, साधारण १२.४ टक्के अल्कोहोल. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं अजिबात नाही. तीन दिवस लागोपाठ आकडा तोच आला, तर संपलं. नवशिक्यांच्या बहुतेक फुटलेल्या बाटल्या या एका वाक्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे फुटतात असं माझं मत झालं आहे.

वाचायचं कसं, तर नळी बोटांनी हलकी फिरवायची म्हणजे अंगाला चिकटलेले बुडबुडे सुटतात, मग डोळा पातळीला आणायचा. द्रव काचेला चिकटून कडेला थोडा वर चढलेला दिसतो; तो भाग सोडून मधली सपाट पातळी धरायची. आणि इथेही ऊन मधे येतंच. हायड्रोमीटर साधारण २० अंशांसाठी आखलेला असतो. ३५ अंशांच्या रसात तो ०.००४ ने कमी दाखवतो, म्हणजे अर्धा टक्का अल्कोहोलचा फरक. तेवढा आकडा वाढवून घ्यायचा, नाहीतर नमुना गार करून मोजायचा.

हा प्रयोग मात्र कुणीही, कुठलाही कायदा न मोडता करू शकतो. रसवंतीवरून उसाचा रस गाळून आणा, उंच ग्लासात ओता, हायड्रोमीटर सोडा. लिंबू आणि बर्फ नको म्हणून सांगायचं, म्हणजे आकडा खरा येतो. आजच्या गाडीवरचा रस आणि उद्याच्या गाडीवरचा रस यांत किती पाणी आहे तेही कळतं. रसवंतीवाला खूश होणार नाही.

मूळ कृती

कृती तशी चार ओळींची आहे. भांडी जंतुनाशकाने धुवायची. बादलीत किटमधला रसाचा अर्क, म्हणजे आटवून दाट केलेला रस, आणि पाणी एकत्र करून आकडा घ्यायचा, यीस्ट घालायचं. पाच ते सात दिवसांनी जोर ओसरला की नळीने वरचा द्रव बरणीत उतरवायचा, तळाचा गाळ मागे ठेवायचा, एअरलॉक लावायचं. तीन-चार आठवड्यांनी आकडा स्थिर झाला की सल्फाइट, सॉर्बेट, ढवळून गॅस काढणं, निवळवणं आणि बाटल्या. मोठं किट २३ लिटरचं असेल तर ७५० मिलिलिटरच्या तीस बाटल्या होतात.

तीन गोष्टी तेवढ्या सांगतो. नळीने द्रव उतरवताना तोंडाने ओढायची सवय ट्रॅक्टरच्या डिझेलपुरती ठेवावी. तोंडातले जिवाणू थेट वाईनमध्ये जातात. नळी पाण्याने भरून घेतली की ओढावं लागत नाही. आणि पाणी: बोअरचं जड पाणी अर्कात घालू नये, आणि पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन वाईनला औषधाचा वास देतं. फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं बरं. भांडी काचेची, स्टीलची किंवा खाण्यासाठी चालणाऱ्या प्लास्टिकची. तांब्या-पितळेचा हंडा कितीही देखणा असला तरी नाही. आंबट रसात धातू उतरतो.

मुख्य अडचण

यीस्टला किती तापमान हवं? लाल वाईनसाठी २० ते ३० अंश, पांढरीसाठी त्याहून कमी, १२ ते २०. ३० च्या वर गेलं की यीस्ट घाई करतं. घाईत तयार होणारे जड अल्कोहोल घशाला झोंबतात, फळाचा सुवास गॅसबरोबर उडून जातो. ३५ च्या पुढे यीस्ट थकतं, मरतं आणि आंबणं अर्ध्यात अडकतं: साखर उरलेली, अल्कोहोल कमी, आणि जिवाणूंना मोकळं रान.

त्यात यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं. साखर फोडताना निघणारी ऊर्जा सगळीच त्याला वापरता येत नाही. लहान बरणीत ती काचेतून निघून जाते. २३ लिटरच्या बादलीत ती साठते आणि आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंश जास्त राहतं. म्हणजे खोली ३० अंश असेल तर ‘चालेल’ असं समजू नये. भिंतीवरचा तापमापक खोलीचं सांगतो, बादलीचं नाही. बादलीच्या अंगाला चिकटवायची तापमापक पट्टी मिळते. किटमध्ये एक वस्तू वाढवायला सांगितली तर मी हीच सांगेन.

शेजारच्या नाशिकला वाईनचा धंदा उभा राहिला आणि जळगावला नाही, याची कारणं अनेक आहेत. द्राक्षांची जुनी लागवड, मुंबईची बाजारपेठ, २००१ चं राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण. पण नकाशावरही बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, जळगाव सुमारे २०० मीटरवर तापीच्या खोऱ्यात. तिथल्या रात्री उन्हाळ्याच्या तोंडावरही बऱ्या असतात. आणि तरीही तिथली वायनरी पाहायला गेलात तर स्टीलच्या टाक्यांच्या अंगावरून थंड द्रव फिरवणारं आवरण दिसेल. द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तुटतात आणि टाकीतलं तापमान यंत्राने ठरवलेलं असतं. मार्गदर्शक तुम्हाला ओकच्या पिपांजवळ फोटो काढायला थांबवतो. खरा खर्च त्या गार करणाऱ्या यंत्रणेत गेलेला असतो.

किटवाल्याकडे ती यंत्रणा नसते, पण भौतिकशास्त्र असतं. बरणी पाण्याच्या टपात ठेवायची, वरून ओलं गोणपाट किंवा जुनी सुती चादर गुंडाळायची, तिचं टोक पाण्यात सोडायचं. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि जाताना बरणीतली उष्णता घेऊन जातं. माठाचं तत्त्वच हे. हवा जितकी कोरडी तितकं गार, म्हणून एप्रिल-मेमध्ये हे सगळ्यात चांगलं चालतं आणि पावसाळ्यात अजिबात चालत नाही. जुलैच्या दमट हवेत ओली चादर नुसती ओली राहते, वर बुरशी धरते. टपात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकणं हा दुसरा उपाय, पण त्यात चढ-उतार फार होतात आणि वीज गेली की खेळ संपला.

कॅलिफोर्नियाच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या तापलेल्या गावात राहणाऱ्या आपल्या माणसाला हे सगळं जसंच्या तसं उपयोगी पडेल. खान्देशात परवाना घेऊन कुणी हे करायचं म्हटलं, तर महिने नोव्हेंबर ते जानेवारी आणि जागा जुनं धाब्याचं घर. मातीच्या जाड भिंती आणि मातीचं छत यांमुळे आतल्या खोलीत दिवस-रात्रीचा फरक फार जाणवत नाही, आणि यीस्टला मध्यम पण स्थिर तापमान आवडतं. स्लॅबच्या घरातली वरची खोली सगळ्यात वाईट.

आपली फळं

द्राक्षांची वाईन सोपी का, तर साखर, आम्ल आणि पाणी यांचं प्रमाण निसर्गानेच जुळवून ठेवलं आहे. वाईनच्या द्राक्षात शंभराला २२-२४ भाग साखर असते. आपल्या बाजारात फेब्रुवारीत येणारी थॉमसन, सोनाका ही खायची द्राक्षं. त्यांत साखर थोडी कमी आणि आम्लही कमी, साल पातळ. वाईन होते, पण फिकी.

जांभळाला रंग आणि तुरटपणा भरपूर, साखर अपुरी, ती वरून घालावी लागते. बोराला गर कमी. पपई, शहाद्याकडे एकरांनी होते ती, गोड असली तरी तिच्यात आंबटपणा जवळजवळ नाही, आणि आंबटपणा नसलेला रस जंतूंना खुला असतो. लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घातल्याशिवाय तिला हात लावू नये. केळ्याचा प्रश्न वेगळाच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-यावलला ट्रकच्या ट्रक भरतात, तेव्हा ‘केळीची वाईन का नाही’ हा प्रश्न रास्त आहे. पिकलेल्या केळ्यात साखर भरपूर, पण रस सुटत नाही. पेक्टिन या फळातल्या चिकट घटकामुळे गर लापशीच राहतो. त्यासाठी पेक्टिनेज नावाचं विकर घालून गर पातळ करावा लागतो, साल काळी पडेपर्यंत पिकवावं लागतं म्हणजे पिठूळपणा साखरेत बदलतो, आणि तरी निवळायला वेळ लागतो. परदेशातले हौशी लोक मात्र दुसऱ्या फळांच्या पाणचट वाईनला अंग यावं म्हणून त्यात केळं घालतात.

मोहाचं नाव निघणारच. सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात, वेचून वाळवली जातात. भिल्ल आणि पावरा समाजात देवाला, लग्नाला, मरणाला मोह लागतो. त्याची बरोबरी हौसेच्या किटशी करणं बरं नाही. फरक मात्र समजून घ्यावा. फुलं भिजवून आंबवणं इथपर्यंत प्रक्रिया वाईनसारखीच; पुढे ती भट्टीवर चढवून वाफ गार केली जाते. ते ऊर्ध्वपातन. वाईनमध्ये ती पायरी नाही आणि किट असलेल्या माणसाने त्या वाटेला चुकूनही जाऊ नये. फळातल्या पेक्टिनपासून आंबताना किंचित मिथेनॉल तयार होतं. वाईनमध्ये ते इतकं कमी असतं की अपाय होत नाही. ऊर्ध्वपातनात आग, स्फोट आणि विषारी अंश एकत्र होणं हे सगळे धोके आले. आणि २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला जी शंभरावर माणसं गेली, ती दारूत मिथेनॉल मिसळल्यामुळे.

बिघडलं तर, आणि झाल्यावर

कुजक्या अंड्यांचा वास आला तर यीस्टला पोषण कमी पडलं; सुरुवातीलाच असेल तर ढवळून आणि पोषण घालून तो बहुधा जातो. वर पांढरी सुरकुतलेली साय आली तर हवा लागली. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास आला तर ती वाईन परत येत नाही. आंबट झालेली पूर्ण व्हिनेगर होऊ द्यावी आणि ते कांद्या-मिरचीला वापरावं. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर काहीही न वाचवता ओतून द्यावं.

किटची वाईन वर्षानुवर्षं मुरवण्यासाठी नसते. दोन-तीन महिन्यांत ती पिण्याजोगी होते, वर्षभरात संपवलेली बरी. आपल्याकडे तर उन्हाळा भरात यायच्या आत, आखाजीआधीच (अक्षय्य तृतीयेआधी) संपलेली चांगली. ३५-४० अंशांत पडून राहिलेली वाईन शिजल्यासारखी होते: रंग तपकिरी, चव उकडलेल्या फळाची, बूच वर सरकलेलं. हे नाशिकहून बिल-परवान्यासकट आणलेल्या महागड्या बाटलीलाही तितकंच लागू. मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत टाकून चाळीसगावला जेवायला थांबलात, तर घरी पोचेपर्यंत ती गेलेली असते. येताना ती एसीत, सीटच्या खाली ठेवा, आणि घरी फ्रीजच्या दारात नको, तळाच्या कप्प्यात आडवी.